ट्रामगाडी आणि तांबडा दिवा

चौकातला दिवा हा मूळचा आगगाडीच्या कुळातला. १८६८ साली लंडनला पार्लमेंटच्या इमारतीपाशी पहिला दिवा उभा राहिला, तो रेल्वेच्या सिग्नलांचे काम जाणणाऱ्या नाइट नावाच्या इंजिनियराच्या कल्पनेतून. वायूवर जळणारा हा दिवा थोड्याच दिवसांत फुटला आणि शेजारचा पोलीस जखमी झाला! पुढे विजेचे दिवे आले, ते मात्र मोटारींच्या सोयीने. आणि रुळांवरची ट्राम त्यांच्यापुढे परक्यासारखी तिष्ठत राहिली.

असे का व्हावे? सरळ रस्त्यावर ओळीने चार चौक असले, तर हिरवे दिवे एकापाठोपाठ असे लावता येतात की ठरावीक वेगाने निघालेली मोटार कोठेही न थांबता पार व्हावी. ट्रामला मध्येच थांब्यावर उभे राहावे लागते. एखादी म्हातारी बोचके घेऊन चढते, एखादे बिऱ्हाडच्या बिऱ्हाड उतरते. कधी दहा सेकंद, कधी चाळीस. दिव्याचे घड्याळ तिच्यासाठी थांबत नाही. ती चौकात पोचते तो दिवा तांबडा! गाडीभर उतारू खोळंबतात, आणि वर बोल ट्रामलाच, की हीच रस्ता अडविते.

हा बोल आपल्याकडेही लावला गेला. १८७४ साली घोड्यांनी ओढलेली आणि १९०७ पासून विजेवर धावलेली मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरला शेवटची गेली.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडातील झुरिच शहरापुढे हाच प्रश्न होता. कारभाऱ्यांनी सुचविले, शहराच्या मध्यभागी ट्राम जमिनीखाली न्यावी. १९६२ साली मतदारांनी नाही म्हटले. (तेव्हा तेथे मत पुरुषांनाच होते, देशाच्या निवडणुकीत स्त्रियांना मत मिळाले ते १९७१ मध्ये. आपल्या भगिनींना याचे नवल वाटेल.) १९७३ मध्ये भुयारी रेल्वेची योजना आली, तीही नाकारली गेली. मग १९७७ साली नागरिकांनीच मांडलेला प्रस्ताव मताला आला: ट्राम व बस यांना रस्त्यावरच अग्रक्रम द्यावा आणि त्यासाठी वीस कोटी फ्रँक खर्चावे. तो मात्र मंजूर झाला. भुयारापुढे ही रक्कम किरकोळच म्हणावयाची.

आता काम दिव्यांवर आले. रस्त्यात तारेची वेटोळी पुरली. ट्राम जवळ आली की चौकातील यंत्राला वर्दी जावयाची. यंत्र हिरवा दिवा थोडा लांबविते किंवा तांबडा आटोपता घेते, आणि ट्राम निघून जाताच चौक इतरांना मोकळा करून देते. खरी मेख वर्दीच्या वेळेत आहे. थांब्याच्या फार आधी वर्दी दिली, तर उतारू चढत असता हिरवा फुकट जातो आणि मोटारवाले चडफडतात. उशिरा दिली, तर ट्राम दिव्यापाशी पुन्हा उभी! म्हणून प्रत्येक चौकाचा हिशेब वेगळा करावा लागतो. दिवा हा दरबारातल्या चोपदारासारखा असावा असे आम्हांस वाटते: कोण आले ते पाहून वाट देणारा.

झुरिचने आणखी एक युक्ती केली. शहरात येणाऱ्या मोटारींना बाहेरच्या दिव्यांशीच थोडे रोखून धरावयाचे, म्हणजे आतल्या चौकांत रुळांवर गर्दी साचत नाही. मोटारवाल्यांना ही युक्ती गोड लागणे शक्यच नव्हते. त्यांची कुरकुर चालूच राहिली. ट्राम मात्र तेथील बानहोफश्ट्रासे या मुख्य पेठेतून आजही जमिनीवरूनच धावते.