मामाची सीडी आणि चित्रातले थर

आजचा एपिसोड एका जुन्या सीडीमुळे सुचला.

माझा मामा लग्नपत्रिका डिझाइन करायचा. तो आता नाही. यंदा मामेबहिणीचं लग्न ठरलं, आणि मामी म्हणाली, "पत्रिका ह्यांच्याच डिझाइनची हवी. नावं तेवढी बदल." सीडीत फाइल सापडली, पण ती एक्ससीएफ. फोनवर उघडेचना. प्रेसवाला म्हणाला, "पीएसडी आणा, लेयर्स सुट्या पाहिजेत."

लेयर म्हणजे थर. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. हे थर आले कुठून, ते बघू.

१९८७ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात थॉमस नोल नावाचा विद्यार्थी पीएचडी करत होता. त्याने चित्रं दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉन सिनेमांच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये काम करायचा, तोही त्यात उतरला. १९९० मध्ये त्याचंच फोटोशॉप होऊन बाजारात आलं. पण गंमत बघा, त्यात थर नव्हतेच! अक्षरं फोटोवर टाकून सिलेक्शन सोडलं, की ती फोटोत मुरायची. चहात साखर विरघळावी तशी. परत काढता येत नसत.

थर आले १९९४ मध्ये, फोटोशॉप ३.० सोबत. फाइल सेव्ह केल्यावरही अक्षरं अक्षरांच्या जागी आणि फोटो फोटोच्या जागी, सगळं पीएसडीत सुटं राहू लागलं. टाइप केलेला मजकूर नंतर बदलता येणं मात्र १९९८ च्या ५.० पासून.

तिकडे कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिम्प बनवलं. फुकट, आणि कोडसुद्धा सगळ्यांना खुला. १९९८ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. एक्ससीएफ ही गिम्पची स्वतःची फाइल. हे नाव बर्कलीतल्या 'एक्सपेरिमेंटल कॉम्प्युटिंग फॅसिलिटी' या विद्यार्थ्यांच्या गटावरून पडलं. महागडं सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या मामासारख्यांना गिम्पचा मोठा आधार होता.

मग मी लॅपटॉपवर गिम्प टाकलं आणि फाइल उघडली. गणपती, तोरण, किनार, नावं, सगळं सुटं! एका थराचा डोळा बंद होता, म्हणजे तो लपवलेला होता. त्याचं नाव होतं, 'लाल – आक्काला नको'. आक्का म्हणजे माझी आई. मामी बराच वेळ त्या लाल रंगाकडे बघत बसली.

फाइल पीएसडीत एक्सपोर्ट केली. थर सुटे राहिले, पण अक्षरांची चित्रं झाली. नावं नव्याने टाइप करावी लागली. एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात जाताना असं काहीतरी सांडतंच. म्हणून मूळ एक्ससीएफ तशीच जपून ठेवली.

जेपीजी केली असती तर पत्रिका दिसली असती, पण लाल थर गेला असता. मामाने काय करून पाहिलं आणि काय सोडून दिलं, ते थरांतच राहिलं होतं.

तुम्हीही आज फोनवर काही डिझाइन केलंत, तर फक्त जेपीजी ठेवू नका. थरांची फाइलही ठेवा, बरं का. आणि हो, पत्रिका लालच छापली!