एक 'कुणबी', तीन संकल्पना

शब्द आणि संकल्पना यांतील भेद हा तर्कशास्त्राच्या वर्गापुरता विषय आहे, असा बहुतेकांचा समज असतो. जोयडा तालुक्यात, नंदिगड्डे आणि भोवतालच्या रानवस्त्यांत, याच भेदावर जमिनीचे हक्क अडलेले आहेत. तो शब्द आहे 'कुणबी'.

संस्कृत 'कुटुंबिन्'पासून प्राकृतातून हा शब्द मराठीत आला. जुन्या ताम्रपटांत कुटुंबिन् म्हणजे गावातील घरदार करून राहणारा, जमीन कसणारा गृहस्थ. मराठी कागदपत्रांतही दीर्घकाळ कुणबी म्हणजे शेत कसणारा. तुकोबांनी स्वतःस कुणबी म्हटले ते याच जाणिवेने. इंग्रजी अमदानीत शिरगणती सुरू झाली आणि व्यवसायाच्या या नावाला जातीचा रकाना मिळाला. अक्षरे तीच राहिली, आशय मात्र पालटला.

आपल्या न्यायशास्त्राला हा प्रश्न जुनाच आहे. पदाचा अर्थ कोणता, व्यक्ती, आकृती की जाती, याची चर्चा गौतमाच्या न्यायसूत्रांत आहे, आणि ही तिन्ही मिळून पदार्थ होतो असा तेथील निर्णय आहे. (तेथील 'जाती' म्हणजे सर्व गाईंत असणारे गोत्व, दाखल्यावरची जात नव्हे. चर्चेच्या साधनावरच चर्चेतला रोग जडावा, याला काय म्हणावे!) शब्दाचा अर्थाशी असलेला संबंध मीमांसकांनी नित्य मानला, नैयायिकांनी तो संकेताने ठरतो असे म्हटले. आजच्या काळात संकेत ठरवणारा देव नसून राजपत्र आहे.

ते राजपत्र सीमेगणिक बदलते. महाराष्ट्रात कुणबी इतर मागासवर्गात मोडतो. 2023 पासून मराठवाड्यात निजामकालीन दप्तरांतून हीच नोंद शोधली जात आहे. गोव्यात गावडा, कुणबी व वेळीप यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. जोयड्याची हद्द त्याच गोव्याला भिडते. 1961 पर्यंत पलीकडे पोर्तुगीज राज्य होते, अलीकडे 1956 पर्यंत मुंबई राज्य आणि नंतर म्हैसूर. रेघ दोन्ही राजवटींनी जपली. इकडचा कुणबी मात्र जमातींच्या यादीबाहेर राहिला. त्याची मागणी जुनी आहे.

संविधानाने 'जमात' या शब्दाची व्याख्या केलेली नाही. 342व्या अनुच्छेदानुसार राज्यागणिक यादी होते, म्हणजे कायद्याने नावे दिली, संकल्पना नाही. संकल्पना पुरवली ती 1965 च्या लोकूर समितीने: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण. यांतील काही निकष आज वाचताना लाज वाटते, पण व्यवहार त्यांवरच चालतो.

'कुणबी म्हणजे महाराष्ट्रातला शेतकरी, तो आदिवासी कसा?' हा आक्षेप शब्दावरून संकल्पना ओढून काढतो. पण आपल्या बाजूची एक चूकही येथेच सांगितली पाहिजे. 'गोव्यात मिळाले, म्हणून आम्हालाही' एवढाच युक्तिवाद केला, तर आपणही केवळ नामसादृश्यावरच उभे राहतो आणि आक्षेपकाच्या सापळ्यात जातो. बळ आहे ते जगण्याच्या रीतीत: कुमरीची फिरती शेती, कंदांची जपणूक, रानाशी बांधलेले वर्ष. नंदिगड्डे या नावाचा शेवट कानडी 'गद्दे'शी, म्हणजे भातशेताशी, जुळतो. मराठी कानाला त्यात कंदाचा गड्डा ऐकू येतो. व्युत्पत्ती काहीही असो, जोयड्याच्या कुणब्याच्या ताटात दोन्ही आहेत.

आता या शब्दभेदाची किंमत पाहा. 2006 च्या वनहक्क कायद्यात यादीतल्या जमातीच्या माणसाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. यादीबाहेरचा माणूस 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतो, आणि त्याने त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करायचे असते. हिशेब 1930 पर्यंत मागे जातो. कुमरीवर सरकारने एकोणिसाव्या शतकातच बंधने घातली होती. ज्या शेतीला सरकार गुन्हा मानत होते, तिची पावती 1930 साली कोणत्या कचेरीने दिली असती?