सोमल, सरबत आणि सीमेपलीकडचं पाणी

सप्टेंबर २०२३. गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यातलं महागाव. एका घरातले नवरा-बायको अचानक आजारी पडले. आधी अहेरी, मग चंद्रपूर, मग नागपूर असा दवाखान्यांचा प्रवास झाला आणि महिना संपायच्या आत दोघंही गेले. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याच कुटुंबातली एकूण पाच माणसं दगावली. हातापायांना मुंग्या, पाठ आणि डोकं प्रचंड दुखणं, काळे पडलेले ओठ, जड झालेली जीभ. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, खाण्यातून काहीतरी बाधलं असेल. १८ ऑक्टोबरला पोलिसांनी घरातल्याच दोन स्त्रियांना अटक केली. अन्नपाण्यातून थॅलियम नावाचा जड धातू दिला गेला, असा आरोप होता.

खटल्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, ते कोर्टाचं काम. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. समोर पेशंट तडफडतोय आणि विष कुठलं ते ठाऊक नाही, अशा वेळी डॉक्टर नक्की काय शोधतात?

या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे सोमल, अर्थात आर्सेनिक. पांढरी पूड, वास नाही, चव जवळजवळ नाही. याचाच पिवळा भाऊबंद म्हणजे हरताळ. पूर्वी पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून ते झाकायचे, म्हणून आपण आजही एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासतो’. म्हणजे आर्सेनिक आपल्या बोलण्यातसुद्धा मुरलंय बरं का!

मराठी माणसाच्या इतिहासातला सोमलाचा सगळ्यात गाजलेला किस्सा बडोद्याचा. ९ नोव्हेंबर १८७४. तिथल्या इंग्रज रेसिडेंटाने, कर्नल फेअरने, रोजचं सरबत घेतलं. दोन-तीन घोट पोटात गेले आणि कसंतरीच व्हायला लागलं, म्हणून उरलेलं त्याने फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी थोडा गाळ राहिला होता, तो मात्र त्याने रेसिडेन्सीच्या डॉक्टरकडे दिला. पुढे मुंबईच्या सरकारी रसायन तपासनीसाकडूनही उत्तर आलं: सोमल. सोबत हिऱ्याची पूड असल्याचीही चर्चा झाली. (हिऱ्याच्या पुडीने माणूस मरतो हा समज आपल्याकडे फार जुना. मारायचं काम अर्थातच सोमलाचं.)

संशय थेट महाराजांवर, मल्हारराव गायकवाडांवर गेला. १८७५ साली सहा जणांचा आयोग बसला. तीन इंग्रज, तीन हिंदी. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी सदस्यांना ते पटलं नाही. तीन विरुद्ध तीन, टाय! शेवटी सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवून ‘गैरकारभार’ या कारणाखाली त्यांना पदच्युत केलं आणि मद्रासला धाडलं. मग गादीसाठी मुलगा शोधता शोधता नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ सापडला. तेच आपले सयाजीराव महाराज. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे. एका पेल्यातल्या गाळातून इतिहास कुठल्या कुठे गेला बघा.

आणि हे सगळं घडलं, कारण आर्सेनिक सापडू शकत होतं. १८३६ साली जेम्स मार्शने त्याची चाचणी शोधून काढेपर्यंत सोमल म्हणजे खुन्याची चैन होती. जुलाब, उलट्या, पाय वळणं, नाडी बसणं ही लक्षणं पटकीसारखीच. पटकीची साथ असलेल्या गावात एक मृत्यू जास्त झाला तर कोण विचारणार?

आता शरीरात काय होतं ते पाहू. आपल्या पेशी साखर जाळून ऊर्जा बनवतात. या साखळीत एका ठिकाणी गंधकाचे दोन अणू शेजारी शेजारी बसलेले असतात आणि काम पुढे ढकलतात. आर्सेनिक त्या दोघांना एकदम पकडतं आणि सोडतच नाही. आमच्या भाषेत डेडलॉक. आर्सेनिकचं दुसरं रूप तर आणखी लबाड आहे. ते फॉस्फेटचं सोंग घेऊन आत शिरतं, आणि मग ऊर्जा साठवणारा रेणू बनता बनताच मोडतो. पेशीच्या हातात नेमकी ऊर्जाच उरत नाही. आतडी, हृदय, मग नसा. त्यातून वाचलेल्या माणसाच्या नखांवर काही आठवड्यांनी पांढरे आडवे पट्टे उमटतात. केस आणि नखं गंधकाने भरलेली, त्यामुळे आर्सेनिक तिथे जाऊन बसतं. रक्तातून ते लवकर निघून जातं, पण केसांत महिनोन्‌महिने नोंद राहते. लॉग फाइलच म्हणा ना.

उतारा सापडला तो युद्धामुळे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेने लुईसाइट नावाचा आर्सेनिकयुक्त विषारी वायू तयार केला. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स यांच्या गटाने एक रेणू बनवला, त्यात मुद्दाम गंधकाचे दोन अणू शेजारी ठेवले. आर्सेनिक पेशीला सोडून या आमिषाला चिकटतं आणि लघवीवाटे बाहेर जातं. नाव ‘ब्रिटिश अँटी-लुईसाइट’, थोडक्यात ‘बाल’. शेंगदाण्याच्या तेलात कालवलेलं हे इंजेक्शन खोल स्नायूत देतात आणि ते भयंकर दुखतं. पुढे डीएमएसए हे तोंडाने घ्यायचं औषध आलं. दोन्हींची अट एकच: लवकर द्यायला हवं. शिवाय सलाइन आणि हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष.

पण मंडळी, थॅलियमवर ‘बाल’ चालत नाही! थॅलियम पोटॅशियमचं सोंग घेतं, आणि त्याचा उतारा प्रशियन ब्लू, म्हणजे चक्क चित्रकाराचा निळा रंग. तो आतड्यात थॅलियमला धरून ठेवतो. थॅलियमची ठळक खूण म्हणजे केस गळणं, पण ती दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. महागावच्या पहिल्या दोघांना तेवढेसुद्धा दिवस मिळाले नाहीत. आधी विषाचं नाव कळायला हवं, मग औषध.

गडचिरोलीच्या पूर्वेची सीमा ओलांडली की सोमलाचं दुसरं रूप भेटतं. तिथे कुणी खुनी नाही. अंबागड चौकी भागातलं कौडीकसा गाव. १९९९ साली, म्हणजे छत्तीसगड व्हायच्या आधी, जादवपूर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या २२ गावांतलं पाणी तपासलं. ८ गावांत आर्सेनिक मर्यादेबाहेर निघालं. सर्वाधिक आकडा लिटरमागे ८८० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे १०. कारखाना वगैरे काही नाही, खडकातच आर्सेनिक आहे आणि विहिरीत ते झिरपतं. वर्षानुवर्षं ते पाणी पिणाऱ्यांच्या अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग पडतात, तळहात-तळपाय खरखरीत होऊन गाठी येतात, पुढे त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो.

अशा जुनाट विषबाधेवर डीएमएसए देऊन बघावं, असं कुणालाही वाटेल. पश्चिम बंगालमध्ये ते करून पाहिलं होतं. १९९८ साली निकाल छापून आला: औषध घेणारे आणि औषधासारखी दिसणारी नुसती गोळी घेणारे, यांच्यात फरक दिसला नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिता येईल असा खात्रीचा इलाज मग उरतो एकच, विहीर बदलणे. आणि ती चिठ्ठी घेऊन पेशंटने जायचं कुठल्या दुकानात?