झाडावर राहणारा टॅरेंट्युला घरी पाळता येतो का? पेटी, हवामान आणि कायदा समजून घ्या

काचेची उभी पेटी. आत झाडाच्या सालीचा तुकडा. सालीमागून राखाडी-काळ्या नक्षीचा, तळहाताएवढा केसाळ कोळी बाहेर येतो आणि क्षणात किड्यावर झडप घालतो. असे व्हीडिओ तुमच्याही फोनवर येत असतील. त्याखाली मराठीत हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो, 'कुठे मिळेल?'

त्या व्हीडिओतला कोळी बऱ्याचदा मूळचा आपल्याच देशातला असतो. तो परदेशात छंद म्हणून पाळला जातो. मग मुक्ताईनगर, रावेर किंवा जळगावात तो पाळता येईल का?

हा कोळी नेमका कोणता?

टॅरेंट्युला म्हणजे मोठ्या, केसाळ कोळ्यांचं एक कुळ. त्यातले बरेच जमिनीत बीळ करून राहतात. काही मात्र आयुष्य झाडावर, ढोलीत किंवा सुटलेल्या सालीमागे काढतात.

'पोइसिलोथेरिया' ही अशाच झाडावरच्या कोळ्यांची प्रजाती. ती फक्त भारत आणि श्रीलंकेत आढळते. 'पोइसिलोथेरिया रेगालिस' हा त्यातला एक कोळी महाराष्ट्रात सह्याद्रीच्या जंगलातही सापडतो. पाय पसरले की तो १५ सेंटिमीटरहून मोठा भरतो. डिवचलं की पुढचे पाय वर उचलतो आणि त्यांच्या खालच्या बाजूचा भडक पिवळा रंग दाखवतो. हा त्याचा इशारा असतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याच वर्षी त्यांनी आंध्रातल्या गुत्ती इथे रेल्वेच्या लाकूड-डेपोत सापडलेल्या निळ्या कोळ्याचीही नोंद केली. त्यानंतर हा निळा कोळी शंभरहून अधिक वर्षं कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये तो नंद्याल आणि गिद्दलूरदरम्यानच्या जंगलात पुन्हा सापडला. आज तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे.

केळीच्या घडात दिसतो तो हाच का?

नाही. खान्देशात केळीचा घड उतरवताना किंवा घराच्या भिंतीवर मोठा तपकिरी कोळी दिसला की लोक घाबरतात. तो बहुतेक वेळा 'हंट्समन' कोळी असतो. त्याचं शरीर चपटं असतं, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले असतात आणि तो झपाट्याने आडवा पळतो. मादी पोटाखाली पांढरी, चपटी अंड्यांची पिशवी घेऊन फिरते. तो झुरळं खातो आणि माणसाला त्याचा विशेष धोका नाही.

टॅरेंट्युलाचं शरीर भरीव, पाय जाड आणि अंगभर केस असतात. घरात कोणताही मोठा कोळी दिसला तर त्यावर डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि त्याला बाहेर सोडा. चप्पल उचलायची गरज नाही.

त्याला कसं घर लागतं?

परदेशात पैदास केलेले कोळी पाळणारे लोक पुढच्या गोष्टींची काळजी घेतात.

- पेटी उभी हवी. जमिनीवरच्या कोळ्याला पसरट पेटी लागते, कारण उंचावरून पडला तर त्याचं पोट फुटू शकतं. झाडावरच्या कोळ्याला मात्र चढायला उंची लागते. पूर्ण वाढलेल्या कोळ्यासाठी साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच पेटी पुरते.
- लपायला जागा हवी. सालीचा किंवा पोकळ लाकडाचा तुकडा उभा टेकवून ठेवतात. कोळी त्यामागे जाळं विणतो आणि दिवसा तिथेच बसतो. आडोसा नसेल तर तो कायम बिथरलेला राहतो.
- हवा खेळती हवी. छिद्रं समोरासमोरच्या बाजूंना असावी लागतात. बंद, दमट पेटीत बुरशी धरते आणि कोळी दगावतो.
- तळाला ओलावा हवा, चिखल नको. नर्सरीत मिळतं तसं कोकोपीट पाच-सहा सेंटिमीटर जाडीचं पसरतात. त्याचा एक कोपरा ओला ठेवतात आणि उथळ वाटीत पाणी ठेवतात.
- तापमान २४ ते २८ अंशांच्या आसपास हवं. पेटीवर थेट ऊन पडू देत नाहीत.

खायला रातकिडे किंवा झुरळं आठवड्यातून एक-दोनदा पुरतात. कोळी कात टाकायच्या आधी खाणं सोडतो. तेव्हा उरलेला किडा पेटीतून काढावा लागतो, कारण कात टाकलेला कोळी मऊ असतो आणि रातकिडा त्यालाच कुरतडू शकतो. मादी दहा वर्षांहून अधिक जगते. नराचं आयुष्य त्या मानाने फार कमी असतं.

खान्देशात अडचण कुठे येते?

पहिली अडचण उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. काचेची पेटी तापली की आतल्या कोळ्याला पळून जायला जागा नसते. त्यात दुपारी वीज गेली की कूलरचाही उपयोग नाही.

दुसरी अडचण सहज लक्षात येत नाही. ती म्हणजे कीटकनाशकं. केळी आणि कापसाच्या शेतातून पकडलेल्या किड्यांच्या अंगावर फवारणीचा अंश असू शकतो. डास मारणारी कॉइल आणि प्लगमध्ये लावायच्या औषधांतली रसायनं कीटकांसाठी बनवलेली असली, तरी कोळ्यालाही मारक ठरतात. डासांच्या दिवसांत ही औषधं लावल्याशिवाय आपल्याकडे किती घरं राहतात?

चावला तर काय होतं?

हा कोळी हातावर घेण्यासाठी नाही. तो अतिशय चपळ असतो. अमेरिका खंडातले अनेक टॅरेंट्युला खाज आणणारे केस झटकून बचाव करतात. आपल्याकडच्या टॅरेंट्युलांकडे तसे केस नसतात, त्यामुळे ते थेट चावतात.

पोइसिलोथेरियाच्या दंशाने तीव्र वेदना होतात आणि स्नायूंत पेटके येतात. हा त्रास काही जणांना कित्येक दिवस होतो. त्यावर खास प्रतिविष नाही, लक्षणांनुसार उपचार होतात. जखम साबण-पाण्याने धुवा, कापू किंवा चोखू नका आणि सरळ दवाखाना गाठा.

कायदा काय सांगतो?

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटीस' कराराने २०१९ मध्ये पोइसिलोथेरियाच्या सगळ्या जातींचा परिशिष्ट दोनमध्ये समावेश केला. परवान्याशिवाय त्यांचा देशाबाहेर किंवा देशात व्यापार करता येत नाही.

आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सायटीसमधल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी २०२४ मध्ये नियम आले आणि 'परिवेश २.०' या पोर्टलवर नोंदणीची सोय झाली. यावलसारख्या अभयारण्यातून तर परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव उचलून आणणं गुन्हा आहे.

ऑनलाइन मागवण्याचं काय? जुलै २०२१ मध्ये चेन्नईत सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. आत प्लास्टिकच्या छोट्या कुप्यांमध्ये चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेले १०७ जिवंत कोळी होते. ते टॅरेंट्युला असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. आयातीची कागदपत्रं नसल्याने ते परत पोलंडला पाठवण्याचा निर्णय झाला.

मग पाळावा की नाही?

विक्रेता 'सगळं लीगल आहे' म्हणाला, तर त्याच्याकडे तीन गोष्टी मागा: कोळ्याचं शास्त्रीय नाव, पैदास कुठे झाली याचा पुरावा आणि नोंदणीची कागदपत्रं. यातली एकही मिळाली नाही, तर तो कोळी जंगलातून उचललेला किंवा चोरून आणलेला असण्याची शक्यता मोठी. मादी मोठी व्हायला वर्षं लागतात, म्हणून एकेक मादी उचलली तरी त्या जंगलातली पैदास खुंटते.

या कोळ्याचं खरं घर जुनं झाड आहे. ढोली तयार व्हायला झाडाला अनेक दशकं लागतात, पण ते तोडायला एक दुपार पुरते. मुक्ताईनगर तालुक्यातलं मुक्ताई-भवानी राखीव क्षेत्र आपल्याला वाघामुळे माहीत आहे. पण जंगलातली आणि बांधावरची जुनी, पोकळ झाडं घुबडं, पोपट, खारी, मधमाश्या आणि कोळी या सगळ्यांचाच निवारा असतात. कोळ्यांची आवड असेल, तर रात्री बॅटरी घेऊन आपल्याच शिवारातल्या एखाद्या जुन्या चिंचेच्या खोडावर बघा. फोटो काढा, हात लावू नका. त्याला कुठलाही परवाना लागत नाही.