झिजलेला पडदा

गिटार दहा-पंधरा वर्षें रोज वाजविली म्हणजे तिच्या दांडीवरील धातूचे पडदे झिजतात. ही झीज बहुधा खुंट्यांकडील पहिल्या तीन-चार पडद्यांवर, बारीक तारांच्या खालीं, प्रथम दिसूं लागते. तारेच्या नित्य दाबानें धातूंत लहानशी खांच पडते. मग तेथें बोट दाबलें कीं तार पुढच्या न झिजलेल्या पडद्याला लागून झणझणते आणि स्वर बिघडतो. अशा वेळीं वाद्याच्या मालकापुढें प्रश्न येतो : कानस घेऊन हें काम आपणच करावें, कीं वाद्य कारागिराकडे न्यावें? वरवर पाहतां हा केवळ पैशाचा प्रश्न वाटतो. परंतु पडद्याचा चारशें वर्षांहून जुना इतिहास पाहिला म्हणजे त्याचें खरें स्वरूप कळतें.

सोळाव्या व सतराव्या शतकांत युरोपांतील ल्यूट, व्हिहुएला आणि तत्कालीन गिटार या वाद्यांचे पडदे धातूचे नव्हते. जनावरांच्या आंतड्याची तांत दांडीभोंवतीं गुंडाळून तिला गांठ मारीत, हाच पडदा. तो झिजला कीं वादक गांठ कापून नवी तांत बांधी. त्याला कारागिराची गरजच नसे. स्वर किंचित् चढा-उतरा करावयाचा तरी पडदा बोटानें सरकवितां येई. स्पेनमधील लुईस मिलान याने १५३६ सालच्या आपल्या व्हिहुएलावरील ग्रंथांत चौथा पडदा खुंट्यांकडे थोडा सरकविण्याची सूचना वादकाला दिली आहे. इंग्लंडमधील जॉन डौलंड याचे ल्यूटविषयीं नियम १६१० सालीं छापले गेले; त्यांत कोणत्या पडद्याला किती जाड तांत घ्यावी हेंहि सांगितलें आहे. खुंट्यांकडे जाड आणि पुढें क्रमाक्रमानें बारीक, अशी ती योजना होती. म्हणजे पडदे बांधणें हा वादनविद्येचाच एक पाठ समजला जात होता.

या स्वावलंबनाचें उत्तम उदाहरण म्हणजे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांतील गायक टॉमस मेस. त्याचा मोठा ग्रंथ १६७६ सालीं प्रसिद्ध झाला. ल्यूटला दमट हवा बाधूं नये म्हणून दिवसां ती नित्य वापरांतल्या बिछान्यांत पांघरुणाखालीं ठेवावी, मात्र कोणी न पाहतां त्या बिछान्यावर अंग टाकूं नये, असा गमतीचा पण व्यवहारी उपदेश त्यांत आहे. मेस तेथेंच थांबत नाहीं. वाद्याची तबकडी खचली तर पातळ सुरीनें ती सोडवून दुरुस्ती कशी करावी, हेंहि तो वाचकाला शिकवितो. आज हें धाडस वाटेल. पण तबकडी सरसानें चिकटविलेली असे, आणि सरस सोडवून पुन्हा लावतां येतो. केलेलें काम परत फिरवितां येत होतें, हेंच त्या धाडसाचें मर्म होय.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गिटारीचें रूप पालटलें. जोडतारा जाऊन सहा एकेरी तारा आल्या आणि तांतीच्या जागीं दांडीच्या खांचांत कायमचे ठोकलेले पडदे रूढ झाले. पडद्यांची जागा आतां आधीं गणितानेंच ठरवावी लागे. ल्यूटवादक व्हिन्चेन्झो गॅलिली, म्हणजे प्रसिद्ध ज्योतिर्विदाचा पिता, याने १५८१ सालीं एक नियम मांडला होता : उरलेल्या तारेच्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बसवावा. ६५ सेंटिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा यानें सुमारें ३.६ सेंटिमीटरवर येतो. बांधलेल्या पडद्यांत चूक झाली तर ती बोटानें सुधारतां येई. लांकडांत पाडलेली खांच मात्र सरकत नाहीं. येथें पडद्याचें काम वादकाच्या हातून कारागिराच्या हातीं गेलें.

पण खरा कारागीर कोणाला म्हणावें? या प्रश्नावर सॅक्सनीमधील मार्कनॉइकिर्शेन या गांवीं एक तंटाच झाला. तेथें व्हायोलिन करणाऱ्यांची एक श्रेणी होती व लांकडी सामान करणाऱ्या सुतारांची दुसरी. गिटारी सुतार करीत. १८२६ सालीं व्हायोलिनवाल्यांनीं तक्रार केली कीं, आपण कलावंत आहों, हे लोक केवळ मेज-कपाटें करणारे. त्यांना गिटारी करूं देऊं नयेत. १८३२ सालीं हा वाद पुन्हा निघाला. सुतारांच्या बाजूस ख्रिस्तिआन फ्रीडरिख मार्टिन हा होता. त्यानें व्हिएन्ना येथें योहान श्टाउफर या नामांकित कारागिराजवळ काम केलेलें होतें. सुतारांचा हक्क शाबूत राहिला. परंतु अशा बंधनांत भवितव्य नाहीं असें पाहून मार्टिन १८३३ सालीं न्यूयॉर्कला गेला. ज्याला हलक्या दर्जाचा ठरविण्याचा खटाटोप झाला, त्याच्याच नांवाची पेढी पुढें अमेरिकेंत गिटारीसाठीं विख्यात झाली.

त्याच पेढीच्या इतिहासांत पडद्याचें पुढचें स्थित्यंतरहि दिसतें. १९२२ पासून तिनें पोलादी तारांसाठीं गिटारी करण्यास आरंभ केला. तांतीपेक्षां पोलाद पडद्याला अधिक झिजवितें. १९३४ सालीं तिनें सपाट पट्टीचे पडदे सोडून टी आकाराच्या तारेचे पडदे घेतले. ही तार बहुधा जर्मन सिल्व्हरची असते. त्या धातूंत तांबें, निकेल व जस्त असून चांदी मुळींच नसते. जुन्या पट्टीची खांच रुंद असल्यामुळें नवी टी तार तींत घट्ट बसत नाहीं. हें न जाणतां जुन्या वाद्याचे पडदे उपटणाऱ्यास पश्चात्तापाची पाळी येते.

आपल्याकडेहि हा भेद पूर्वींपासून आहे. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले. सतारिये ते स्वतःच सरकवितात व बांधतात. सरस्वतीवीणेचे २४ पडदे मेणांत बसविलेले. ते बसविण्यास जाणता माणूसच लागतो. आणि सतार-तंबोऱ्याची जवारी काढणें हें तर कुशल हाताचें काम. मिरजेच्या ज्या शिकलगारांनीं ही विद्या नांवारूपास आणली, ते मूळचे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकांत ते वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. सॅक्सनीचा सुतार काय किंवा मिरजेचा शिकलगार काय, दोघांचा अधिकार नांवानें आलेला नव्हता. तो वर्षानुवर्षांच्या हातकामानें आला.

या इतिहासाच्या प्रकाशांत मूळ प्रश्नाकडे पाहावें. जें काम परत फिरवितां येतें तें वादकानें अवश्य करावें : तारा बदलणें, वाजविल्यावर त्या पुसणें, पडद्यांवरील मळ काढणें. प्रत्येक झणझण झिजेचीच असते असेंहि नाहीं. लहान सरळ पट्टी तीन-तीन पडद्यांवर ठेवून पाहावी. ती डोलली तर मधला पडदा वर आला आहे असें समजावें. इतकें निदान घरीं होतें.

परंतु कानशीनें गेलेला धातू परत येत नाहीं. एक पडदा खोल झिजला तर बाकीचे सर्व त्याच्या पातळीवर आणावे लागतात, मग प्रत्येकाचा माथा पुन्हा गोल करून त्यास झिलई द्यावी लागते. असें एक-दोनदां होतें. पुढें पडद्यांत धातूच उरत नाहीं. नवे पडदे घालतांना जुने ऊब देऊन हलकेंच उपटावे लागतात; घाई झाली तर खांचेच्या कडेचें लांकूड टवकारतें. वडिलांच्या हातची गिटार असली तर ती या प्रयोगासाठीं नव्हे. ज्यास ही विद्या शिकण्याची हौस आहे, त्यानें मोल नसलेलें जुनें वाद्य घेऊन त्यावर पडदे काढावेत, बसवावेत, पुन्हा काढावेत. हात बसल्यावर तोहि कारागीरच होय. मार्टिनला किंवा मिरजेच्या शिकलगारांना दुसरा मार्ग कोठें होता?

आणि तोंवर कारागिराकडे जावयाचें तर त्याची पाटी न पाहतां त्यानें दुरुस्त केलेलें एखादें वाद्य मागून घ्यावें, आणि पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत एकेक स्वर वाजवून ऐकावा.