व्हिनेगरच्या तपासणीची कुळकथा

गर्भपिशवीच्या तोंडाला चार-पाच टक्के अॅसिटिक अॅसिडमध्ये, म्हणजे व्हिनेगरमध्ये, भिजवलेला कापसाचा बोळा लावायचा, घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबायचं आणि मग चांगल्या उजेडात नीट पाहायचं. निरोगी भाग गुलाबी राहतो. जिथे पेशी बिघडू लागल्यात तिथे ठळक कडांचा पांढरा डाग उमटतो. बिघडलेल्या पेशींची केंद्रकं मोठी असतात, त्यांत प्रथिनं जास्त असतात. आम्लामुळे ती थोडा वेळ साकळतात आणि उजेड परावर्तित होऊन तो भाग पांढरा दिसतो. थोड्या वेळाने डाग विरून जातो. बाईला जरा चुणचुणतं, इतकंच. आरोग्यसेवकांच्या बोलण्यात या तपासणीचं नाव ‘व्हीआयए’.

तिचा मूळपुरुष हान्स हिन्सेलमान. या जर्मन डॉक्टरने 1925 मध्ये कोल्पोस्कोप, म्हणजे गर्भपिशवीचं तोंड मोठं करून पाहण्याची दुर्बीण बनवली आणि पुढे तिच्या जोडीला आम्ल आणलं. पण दुसऱ्या महायुद्धात आउशवित्झच्या दहाव्या बराकीत कैदी ज्यू बायकांवर याच दुर्बिणीचे प्रयोग झाले. त्यांच्या शरीरातून काढलेले तुकडे हॅम्बुर्गमधल्या आल्टोनात हिन्सेलमानकडे तपासायला जात. त्या बायकांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. युद्धानंतर त्याला शिक्षा झाली, ती रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल. हे पान गाळून या तपासणीचं कौतुक करणं मला जमणार नाही, कारण बाईला विचारलं का, हा प्रश्न पुढेही तिची पाठ सोडत नाही.

पाश्चात्त्य देशांत गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग आटोक्यात आणला तो पॅप स्मिअर या पेशी-तपासणीने. त्याला काचपट्टी लागते, रंग लागतो, सूक्ष्मदर्शक लागतो, तो वाचणारा तज्ज्ञ लागतो. रिपोर्ट यायला दिवस जातात आणि तोवर मजुरी बुडवून आलेली बाई गावी परतलेली असते. 1982 मध्ये ओताविआनो आणि ला तोर्रे या इटालियन डॉक्टरांनी 2400 स्त्रियांची तपासणी करून दाखवून दिलं, की आम्ल लावल्यावर दुर्बिणीतून दिसतं ते जवळजवळ सगळं नुसत्या डोळ्यांनाही दिसतं. गरीब देशांसाठी हे फार मोलाचं होतं.

पुढची गोष्ट बार्शीची. डॉ. बी. एम. नेने यांनी उभारलेल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांत पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेतून माहिती मिळण्याची सोय नव्हती. म्हणून कार्यकर्ते गावोगाव हिंडले, घरोघरी बोलले. नोंद घेता घेता ते लक्षणंही समजावून सांगत: अंगावरून जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव होणं. डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष मला आजही विलक्षण वाटतो. कसलीही तपासणी मोहीम नसताना, निव्वळ बोलण्याने बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या होत्या.

1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन तिचे प्रमुख होते. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया आणि चार गट: एकात या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर, चौथ्यात नेहमीची वैद्यकीय सेवा आणि वेगळी तपासणी नाही. 2009 मध्ये निकाल आला. आठ वर्षांत एचपीव्ही गटात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाने 34 मृत्यू, चौथ्या गटात 64. एकदाच केलेल्या व्हिनेगर-तपासणीने मात्र मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. डाग बघणारी नजर माणसागणिक बदलते. तपासणीत ‘काही नाही’ असं ठरलेल्या स्त्रियांपैकी पुढे कर्करोग झालेल्यांचं प्रमाण एचपीव्ही चाचणीत वर्षाला लाखात 3.7, व्हिनेगरमध्ये 16.

मुंबईच्या वस्त्यांत व्हिनेगरने आपली किंमत दाखवली. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चाचणीत दहावी शिकलेल्या मुलींना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात तपासणी गटातले मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचं 2013 मध्ये जाहीर झालं. पॅपच्या प्रयोगशाळा नसलेल्या देशांना तो आधार होता.

पण उस्मानाबादच्या चौथ्या गटातल्या बायकांचं काय? त्यांना लक्षणांची माहिती दिली होती, तपासणी नव्हती. पॅप स्मिअर परिणामकारक आहे हे जगाला ठाऊक असताना तुलनेसाठी हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेवलं, असा जाहीर आक्षेप अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी घेतला. तेव्हा देशात बहुतेक जणींना काहीच मिळत नव्हतं, हे संशोधकांचं उत्तर. ते खरं आहे आणि मला अपुरं वाटतं. त्या 64 जणींची नावं कुठल्या निबंधात येणार नाहीत, पण या कुळात त्यांची जागा आहे.

धाराशिवलगतच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये वेगळंच उघडकीस आलं. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्या होत्या, अनेकींना ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून. पांढरा डाग दिसला, तरी तो बहुतेकदा जागच्या जागी गोठवता येतो: तीन मिनिटं गारठा, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा तीन मिनिटं. पिशवी जिथल्या तिथे राहते.

एचपीव्हीच्या लशीच्या वाटेवरही ‘विचारलं का’ हाच प्रश्न भेटला. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी 1983-84 मध्ये या कर्करोगात एचपीव्ही 16 आणि 18 शोधून काढले, त्यावरूनच पुढे लस आली. 2010 मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यातल्या लशीच्या एका प्रकल्पावरून वादळ उठलं. काही मुलींचे मृत्यू लशीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. सरकारने देशभरातले लशीचे अभ्यास थांबवले. त्यात बार्शी, पुणे आणि मुंबईतही चालू असलेला एक वेगळा अभ्यास अडकला आणि हजारो मुलींना ठरलेल्या मात्रांऐवजी एकच मिळाली. त्यांचा पाठपुरावा दहा वर्षं सुटला नाही, आणि एका मात्रेचं संरक्षणही टिकल्याचं दिसलं. या पुराव्याचा 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेला मान्यता देताना आधार घेतला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ला परवाना मिळाला.

व्हिनेगरची तपासणी 2016 मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आली: तिशीपासून, पाच वर्षांतून एकदा. काशीत हिंदू विद्यापीठाच्या आवारात 2019 पासून टाटा स्मारकाचं महामना मालवीय कर्करोग केंद्र आहे. तिथे असो वा परंड्यात, आता पुढचं पाऊल एचपीव्ही चाचणीचं आहे. तिचा नमुना बाईला स्वतःच, आडोशाला जाऊन घेता येतो, आणि घ्यायचा की नाही हे आधी तिलाच ठरवता येतं.