सुखाचा जमाखर्च

मनुष्य सुखी कशाने होतो, हा प्रश्न तत्त्वज्ञांइतकाच कायदेपंडितांनाही पडलेला आहे. जेरेमी बेंथॅम हा मूळचा कायद्याचाच अभ्यासक. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने सुख मोजण्याची रीतच घालून दिली. सुख किती तीव्र, किती काळ टिकणारे, किती खात्रीचे, जवळचे की दूरचे, त्यातून आणखी सुख निपजेल काय, त्यात दुःखाची भेसळ किती आणि त्याचा लाभ किती जणांस, अशी ती सात कलमे. कायदा करणाऱ्याने हा जमाखर्च मांडूनच कायदा करावा, असे त्याचे म्हणणे.

या मताचा वारस म्हणून एक मुलगा जाणूनबुजून घडविण्यात आला. तो जॉन स्टुअर्ट मिल. त्याचा बाप जेम्स मिल हा बेंथॅमचा स्नेही. त्याने मुलास तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन शिकविण्यास प्रारंभ केला. १८२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, हा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत लागला. हिंदुस्थानी संस्थानांविषयीचा पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे त्याच्याकडे होता. तेव्हा ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या वाचकांस हा गृहस्थ अगदीच परका नव्हे.

१८२६ मध्ये, विसाव्या वर्षी, मिलने स्वतःस एक प्रश्न केला. ज्या सुधारणांसाठी आपण झटतो, त्या सर्व याच क्षणी साध्य झाल्या, तर आपणांस सुख होईल काय? मनाने उत्तर दिले, नाही. त्यासरशी जगण्याचा आधारच खचला. कचेरीचे काम चालू होते, बेंथॅमच्या पुराव्याच्या कायद्यावरील हस्तलिखितांचे संपादनही चालू होते. परंतु मन कशातच नव्हते.

पुढे मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी त्याच्या वाचनात आल्या. बाप वारल्यावर घरच्या माणसांचा आधार होण्याचा निश्चय करणाऱ्या मुलाचा प्रसंग वाचताना त्याचे डोळे भरून आले, आणि आपले हृदय अद्याप सुकले नाही, हे त्याला उमगले. १८७३ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने निष्कर्ष नोंदविला आहे. सुख हेच जीवनाचे साध्य, हे मत त्याने सोडले नाही. मात्र ज्यांचे लक्ष स्वतःच्या सुखावाचून दुसऱ्या कशावर, परहितावर किंवा एखाद्या विद्येवर, खिळलेले असते, त्यांनाच ते वाटेत सापडते, असे तो सांगतो.

आजचे मानसशास्त्रही याच दिशेने बोलते. सुखाला फार महत्त्व द्यावयास प्रवृत्त केलेल्या व्यक्तींना आनंददायक चित्रपट पाहूनही इतरांहून कमी आनंद झाला, असे २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले.

हुकूमनामा हाती पडलेला पक्षकार दुसऱ्या दिवशी उदास चेहऱ्याने बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. म्हणून बेंथॅम चुकला, असे मात्र मी म्हणणार नाही. अन्याय, उपासमार, भय यांचा हिशेब कायद्याने ठेवलाच पाहिजे. ते दुःख मोजता येते आणि दूरही करता येते. परंतु दावा निकाली निघाल्यावर मनुष्य कोणासाठी व कशासाठी जगणार, याचे कलम कोणत्याही कायद्यात घालता येत नाही.